दोन हाका

सहदेव पाष्टेच्या नावाचं समन्स बेलिफाने त्याच्याच दारावर चिकटवलं, तेव्हा आत मोरीत आई विमलाबाई त्याची बादली घासत होत्या.

कोर्टाला दुसरा पत्ता देणार तरी कोणता? दिवा स्टेशनच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची ही दीड खोली सहदेवच्या नावावर होती आणि आठ वर्षांपूर्वी तो याच दारातून बाहेर पडला होता. बेलिफाने कागदाचे चारी कोपरे अंगठ्याने दाबले, मोबाइलवर दाराचा फोटो काढला आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या सहदेवच्या बायकोला, मेघनाला, विचारलं, "हे साहेब हल्ली असतात कुठे?"

"तेच विचारायला तर आम्ही कोर्टात गेलोय," मेघना म्हणाली.

तो ओशाळून हसला आणि जिना उतरून गेला. कागदावर लिहिलं होतं की, प्रतिवादी सहदेव काशिनाथ पाष्टे याने नेमल्या तारखेला कल्याणच्या दिवाणी कोर्टात जातीने हजर राहावं, नाहीतर त्याच्या गैरहजेरीत निकाल होईल. जो मेला असं जाहीर करून हवं, त्यालाच प्रतिवादी करून बोलावणं धाडायचं ही कायद्याची रीत मेघनाला आधी चमत्कारिक वाटली होती. मग वाटलं, बरोबर आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं, त्याला एकदा विचारून तरी घ्यावं.

दाव्याचं कारण अगदी रोजच्या जगण्यातलं होतं. इमारत धोकादायक ठरली होती. ती पाडून नवी बांधायचा करार झाला होता आणि बाकी एकूण एक घरमालकांच्या सह्या झाल्या होत्या. अडली होती ती पाष्ट्यांची. सही करायला मालक हवा, नाहीतर मालकाचे वारस. आणि वारस व्हायचं तर मालक मेलेला हवा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "वहिनी, कोर्टाचा कागद आणा. नाहीतर नव्या इमारतीत तुमची खोली धरता येणार नाही. माझ्या हातात काही नाही." विमलाबाई पंचाहत्तरीला टेकलेल्या. गावाकडे संगमेश्वरच्या बाजूला कोणी उरलं नव्हतं. ही जागा गेली तर सासू-सुनेने जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं.

टेंभी नाक्याजवळ जुन्या इमारतीत ॲडव्होकेट देवयानी प्रधान यांचं ऑफिस होतं. तिसऱ्या पिढीच्या ठाणेकर. बोलणं स्वच्छ, चहा फिका.

"हे बघा मेघनाताई," त्या म्हणाल्या होत्या, "सात वर्षं एखाद्या माणसाची काही खबर नाही, आणि तो जिवंत असता तर ज्यांना खबर मिळाली असती त्यांनाही नाही, तर तो मेला असं कोर्ट धरून चालतं. धरून चालतं, हं. सिद्ध झालं असं म्हणत नाही."

मेघनाला हे पटलं होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची. टँकरचं, बोअरचं, कारखान्यांतून सोडलेलं. तिथेही कितीतरी गोष्टी धरूनच चालाव्या लागतात.

"खबर मिळायला हवी अशी माणसं दोनच," देवयानीबाई म्हणाल्या. "बायको आणि आई. तुमचं शपथपत्र झालं. पण जज मॅडम म्हणतायत, आईला समोर आणा. त्या काय सांगतील?"

मेघनाने कपातला चहा थोडा फिरवला.

"त्या सांगतील, तो रोज येतो."

देवयानीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं म्हणतात त्या? चारचौघांत?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे."

"मग सगळ्या बिल्डिंगला माहीत असू दे. कोर्टाला होता कामा नये. आईच जर म्हणाली मुलगा येतो, तर संपलंच. समजावा त्यांना. आणि हो, तुम्ही टिकली लावून या नाहीतर न लावता या, पण ठरवून या. मॅडमचं लक्ष जातं."

निघताना मेघनाने दारात थांबून विचारलं, "खबर म्हणजे काय काय धरतात?"

"फोन, पत्र, निरोप. कोणी पाहिला असेल तर ते. का हो?"

"सहज."

सहज नव्हतं. पण ते सांगायचं कसं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

त्यांच्या इमारतीत पाणी भर दुपारी येई. कधी येई, कधी नाही. आलं की खालच्या नळाला आधी धार लागे आणि मग वरच्या गॅलऱ्यांतून हाका सुरू होत. कोणाचा नवरा नाक्यावर, कोणाचा मुलगा मैदानात. ज्याच्या घरचं माणूस बाहेर असेल त्याला नावाने हाक मारायची, की तो धावत येऊन हंडे उचलणार. आठ वर्षांपूर्वी, तो गेला त्या दिवशी, दोन दिवसांच्या खंडानंतर पाणी यायचं होतं. मेघना कामावर होती. सहदेवला सुट्टी होती. चिंबोऱ्या पकडायचं जाळं घेऊन तो खाडीवर निघाला आणि आईला म्हणाला, "पाणी आलं की गॅलरीतनं हाक मार. मी येऊन भरतो. तू हंडे उचलायचे नाहीस."

पाणी आलं. विमलाबाईंनी हाक मारली. तो आला नाही.

खाडी पालथी घातली. पोलीस, दवाखाने, गावचे नातेवाईक, सगळं झालं. जाळं मिळालं नाही, चप्पल मिळाली नाही, तो मिळाला नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं तेव्हा विमलाबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

"सहदेवाऽ! पाणी आलं रेऽ!"

थोडं थांबून पुन्हा, "सहदेवाऽ!"

मग आत येऊन त्यांनी एक निळी बादली काठोकाठ भरली आणि मोरीच्या कोपऱ्यात ठेवली. "खाडीतनं येईल तो चिखलाचा येईल. पाय धुवायला नकोत?"

तेव्हापासून एकही दुपार चुकली नव्हती. दोन हाका आणि एक बादली. घरात प्यायला नसलं तरी ती बादली भरलेलीच हवी. समोरच्या खोलीतली सोनल नव्यानेच लग्न होऊन आली होती. तोंडाची फटकळ, मनाची बरी. "काय वहिनी," ती एकदा म्हणाली, "आमच्याकडे भांडी घासायला पाणी नाही नि तुमच्याकडे नसलेल्या माणसाला फुल बादली! सही आहे तुमचं." मग जीभ चावून ती स्वतःच एक हंडा देऊन गेली होती.

बादलीतलं पाणी संध्याकाळपर्यंत थोडं कमी झालेलं असे. मेघनाचं त्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. माणसाच्या दुःखाला काय माप लावायचं! पण दावा दाखल केला त्या आठवड्यात, शपथपत्रावर 'त्यांची कोणतीही खबर मला मिळालेली नाही' या वाक्याखाली सही करून घरी आल्यावर तिची नजर बादलीवर गेली. पाणी चार बोटं खाली होतं आणि कडेला पांढुरकी रेघ धरली होती. खारं पाणी सुकून उरणारी तशी रेघ तिच्या ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दोन बाटल्या भरल्या आणि सकाळी कामावर नेल्या. एक पिंपातलं पाणी, एक बादलीतलं. दोन्ही एकाच नळाचं, एकाच दुपारचं.

पाण्यातला खार मोजायची चाचणी शिकाऊ मुलीही करतात. पिवळं केलेल्या पाण्यात वरून एकेक थेंब सोडत जायचं. विटकरी झालं की थांबायचं. पिंपाचं पाणी चटकन विटकरी झालं. बादलीच्या पाण्यात ती थेंब सोडत राहिली, सोडत राहिली. वरची नळी रिकामी झाली तरी पाणी पिवळंच होतं.

मेघना घाबरली नाही. तिला लगेच कारण सुचलं. आई दृष्टीबिष्टीसाठी बादलीत मीठ टाकत असणार. म्हणून तिने दुसरी चाचणी केली. डब्यातल्या मिठाने पाणी खारट होतं. जड होत नाही. जडपणा खडकातून येतो, नाहीतर समुद्रातून. नळाला तो इतका कधीच नसतो.

बादलीचं पाणी जड होतं. खाडीच्या पाण्याइतकं.

तिने फ्लास्क धुतला. पुन्हा धुतला. शेजारी काम करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, सॅम्पल कुठलं?" मेघना म्हणाली, "घरचं," आणि फ्लास्क तिसऱ्यांदा धुवायला घेतला.

आठ दिवसांनी तिने पुन्हा नमुना घेतला. या वेळी आई बादलीला हात लावत नाहीत ना, हे रजा घेऊन दिवसभर मोरीसमोर भाजी निवडत पाहिलं. विमलाबाई हाका मारून, बादली ठेवून आडव्या झाल्या होत्या. मोरीत कोणी गेलं नाही. लख्ख उजेड होता, बाहेर पोरं ओरडत होती, सोनलच्या घरात टीव्ही लागला होता. आणि मेघनाच्या डोळ्यांसमोर बादलीतलं पाणी, कोणी हलकेच तांब्या बुडवावा तसं, एकदा डचमळलं.

तिने तो नमुना तपासला नाही. बाटली तशीच गटारात ओतली.

ही खबर धरायची का? कोर्ट धरेल का? आणि धरली, तर कोणत्या बाजूने?

तारखेच्या आदल्या संध्याकाळी ती सासूजवळ जाऊन बसली. विमलाबाई लसूण सोलत होत्या.

"आई, उद्या कोर्टात बादलीचं नाव काढायचं नाही."

"बरं."

"हाका मारता तेही सांगायचं नाही. तो येतो, असं तर मुळीच नाही."

"आणि विचारलंनी तर?"

"विचारलं तर म्हणायचं, नाही."

विमलाबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "शपथ घालतात ना गो तिथे? देवाची?"

"हो."

"मग देवाची शपथ घेऊन खोटं कसं बोलू, मेघे?"

"मग खोली जाईल," मेघना म्हणाली. तिचा आवाज चढत नसे. तो फक्त पातळ होई. "मी काही करू शकणार नाही. मी आणि तुम्ही, दोघी रस्त्यावर. त्याला यायला तरी दार राहील का?"

शेवटचं वाक्य तोंडून कसं गेलं, तिचं तिला समजलं नाही. विमलाबाईंनी मात्र चमकून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा लसूण हातात घेतला.

"जाऊ दे. मला विचारतील तेवढंच बोलेन," त्या म्हणाल्या.

सकाळी मेघनाने आरशासमोर टिकली काढली, पुन्हा लावली, आणि निघाली. घरातली भांडी पालथी होती. दुपारी कोणी नसणार म्हणून निळी बादलीही विमलाबाईंनी मोरीत उपडी घातली. कुलूप मेघनाने लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

कल्याणच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर जागा मिळाली ती जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा. देवयानीबाई दुसऱ्या कोर्टातून काळा कोट सावरत आल्या. "आपला नंबर लगेचच. आई, घाबरू नका हं. कोणी ओरडत नाही."

"मी नाय घाबरत," विमलाबाई म्हणाल्या. "पण हा काय करतोय?"

दारात काळुराम नावाचा शिपाई उभा होता. पोटावर पट्टा, तोंडात बहुधा सुपारी. ज्याचं प्रकरण निघेल त्याचं नाव तो व्हरांडाभर पुकारत होता.

"पुकारा म्हणतात त्याला," देवयानीबाईंनी सांगितलं. "पक्षकाराला तीन वेळा हाक मारायची. नाही आला तर तसं लिहितात आणि पुढे चालतात. आता सहदेवरावांचं नाव घेतील. नुसता उपचार असतो."

विमलाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. "तीन वेळा?"

"सहदेव काशिनाथ पाष्टे!" काळुरामने गळा मोकळा केला. "हजर आहे काय?"

बाकावरची दोन माणसं उगाच इकडेतिकडे बघू लागली. मेघनाने जमिनीकडे पाहिलं. आठ वर्षांत परक्या माणसाच्या तोंडून ते नाव इतक्या मोठ्याने तिने ऐकलं नव्हतं.

"सहदेव काशिनाथ पाष्टे! हजर आहे काय?"

विमलाबाई उठल्या. कुठून बळ आलं कोण जाणे, त्या चार ढांगांत दाराशी पोचल्या आणि त्यांनी काळुरामचं मनगट धरलं. "बाबा, पुरे. दोन पुरे."

"अहो आजी, सोडा! काय करताय?"

"तिसरी नको घालू. पाया पडते तुझ्या."

"आजी, तो माझा नियम आहे का? सरकारचा आहे," काळुराम हसत म्हणाला. "आणि आला तर चांगलंच ना? तुमचाच मुलगा ना?" त्याने हळूच मनगट सोडवून घेतलं, व्हरांड्याच्या टोकाकडे तोंड केलं आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "सहदेऽव काशिनाथ पाष्टेऽ!"

हाक व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. तिथून कोणी आलं नाही. छताला पंखा फिरत होता, वकील हसत होते, कोणीतरी टायपिंगवाल्याशी वाद घालत होता. विमलाबाई भिंतीला टेकून कशाचीतरी चाहूल घेत राहिल्या. मग काळुरामने हातातल्या पेनाने खूण केली आणि सगळे आत गेले.

जज मॅडम मेघनाच्याच वयाच्या होत्या. शपथ झाली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विमलाबाई आणखीच लहान दिसत होत्या.

"आजी, सहदेव तुमचा कोण?" जज मॅडमनी स्वतःच विचारलं.

"मुलगा. एकुलता."

"तो घरातून गेल्यापासून त्याचा कधी फोन आला?"

"नाय."

"पत्र? कोणाबरोबर निरोप?"

"नाय."

"कोणी त्याला पाहिलं, असं तुमच्या कानावर आलं?"

"नाय, बाई."

देवयानीबाईंनी श्वास सोडला. तेवढ्यात जज मॅडमनी कागदावरून नजर उचलली. "आत्ता बाहेर तुम्ही शिपायाला अडवत होतात. का?"

सगळं आता या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं.

"तो तिसरी हाक घालत होता म्हणून."

"मग?"

"आमच्याकडे जित्याला तीन हाका मारतात, बाई. मेलेल्याला दोनच." विमलाबाईंनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "मी रोज दोनच मारते."

लिहून घेणाऱ्याची बोटं थांबली. जज मॅडमनी आधी विमलाबाईंकडे पाहिलं, मग मेघनाकडे, तिच्या कपाळाकडे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "साक्ष पूर्ण," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

बाहेर आल्यावर देवयानीबाईंनी विमलाबाईंचा हात हातात घेतला. "आई, आता निकाल आपल्या बाजूनेच लागेल बघा." विमलाबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "घरी चल," त्या मेघनाला म्हणाल्या. "लवकर चल."

दोघी रिक्षात बसल्या. मग मेघनाने विचारलं, "दोन कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं."

"त्याच दिवशी? तेव्हा तर आपण शोधत होतो. तुम्हाला कसं..."

विमलाबाई बाहेर बघत म्हणाल्या, "पाणी आलं. मी गॅलरीत जाऊन एक हाक मारली. दुसरी मारली. दुसऱ्या हाकेला त्याने ओ दिली."

"खालून?"

"मोरीतनं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माझ्या पाठीमागनं. मी वळून बघितलं तर कोणी नाय. तिसरी मारणार होते ती गिळली. तिसऱ्या हाकेला ते येतातच, मेघे. आणि आले की जायचं विसरतात. माझी आई सांगायची."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं कुंकू माझ्या जिभेने कसं पुसू गो?"

रिक्षा खड्ड्यातून उसळली. मेघनाने दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरली. आठ वर्षं तिला वाटत होतं की, सासू वाट पाहतेय आणि आपण तिला सांभाळून घेतोय.

जिन्यावर सोनल भेटली, केस पुसत. "काय वहिनी, झालं काम? नि घरी पाहुणा कोण ठेवून गेलात?"

"कोण पाहुणा?"

"मला काय माहीत! दुपारी पाणी आलं तेव्हा तुमच्याकडे दणादण भरत होतं कोणीतरी. हंडे काय, पिंप काय! मी म्हटलं, चला, वहिनी लवकर आल्या. हाक मारली मी, पण ओ नाही दिली."

"किती वेळा हाक मारलीस?" विमलाबाईंनी विचारलं.

"एकदाच. का हो आजी?"

दाराला कुलूप होतं. समन्सचा कागद जिथल्या तिथे होता. फक्त त्याचे खालचे दोन कोपरे भिजून सुटले होते. मेघनाने किल्ली फिरवली.

घरात सगळीकडे पाणी होतं. सांडलेलं नाही, भरलेलं. पिंप भरलेलं, हंडे, कळशा, सगळ्या बादल्या. ओट्यावर पातेली, पेले, वाट्या ओळीने मांडलेल्या आणि काठोकाठ. चहाचे कप भरलेले. डाव, चमचे मोकळे राहू नयेत म्हणून की काय, पातेल्यात उभे. देवासमोरची पळीसुद्धा भरलेली होती. इतक्या भांड्यांत कुठेही एक थेंब बाहेर सांडलेला नव्हता. मोरीच्या उंबऱ्यापाशी फक्त काळ्या मऊ गाळाची एक रेघ होती, आणि तिला खाडीचा वास होता.

"मी येऊन भरतो म्हणाला होता," विमलाबाई पुटपुटल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "मेघे, आजच्या आज हे सगळं संपवायचं. थेंब ठेवायचा नाय. पाणी उरलं तर तो उरला."

मेघनाने मान डोलावली. पण तिचा हात आधीच पर्समध्ये गेला होता. तिथे नमुन्याची एक रिकामी बाटली कायम असे. आई पाठमोऱ्या झाल्या तेव्हा तिने ती निळ्या बादलीत बुडवली, झाकण घट्ट केलं आणि पुन्हा पर्समध्ये ठेवली. का, ते तिला सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, सगळा नमुना कधी संपवायचा नाही. थोडा राखून ठेवायचा. उद्या कोणी निकालावर शंका घेतली तर पुन्हा बघायला काहीतरी हवं.

आधी दोघींनी डोक्यावरून आंघोळ केली. सुतकाची, आठ वर्षं थकलेली. विमलाबाईंनी स्वतः मेघनाच्या डोक्यावर तांब्या रिता केला. पाणी गोड होतं, गार होतं, त्याला कसलाही वास नव्हता. टिकली वाहून गेली ती मोरीच्या जाळीत अडकली. मग त्यांनी कपडे धुतले, लादी धुतली, गॅलरी धुतली, सोनलच्या झाडांना घातलं, उरलेलं सगळ्या जिन्यावरून सोडलं. लोक बघत राहिले. दिव्यासारख्या ठिकाणी इतकं पाणी कोणी ओतत नाही.

दिवे लागले तेव्हा विमलाबाईंनी सगळी भांडी पालथी असल्याची खात्री करून घेतली. पळी हातात घेऊन पाहिली.

"घरात कुठे उरलं नाय ना?"

"नाही," मेघना म्हणाली. ते उत्तर तिने शपथेवर दिलं नव्हतं, एवढंच.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. सहदेव काशिनाथ पाष्टे मरण पावला असं धरण्यात आलं. देवयानीबाईंनी निकालाची प्रत हातात देत सांगितलं, "अपिलाची मुदत जाईपर्यंत सगळं जपून ठेवा, काही टाकू नका." करारावर दोघींच्या सह्या झाल्या, नव्या इमारतीत खोली धरली गेली, सेक्रेटरींनी पेढा दिला. विमलाबाई दुपारी गॅलरीत जाईनाशा झाल्या. निळ्या बादलीत त्या कपडे भिजवू लागल्या. रात्री त्यांना शांत झोप लागे, दुपारीसुद्धा लागे.

बाटली फ्रिजच्या दारात, मागच्या बाजूला, व्हिनेगरच्या आड होती. तिच्यावर मेघनाने लेबल लावलं होतं. नमुना घेतल्याची तारीख, ठिकाण, आणि खाली कधी टाकून द्यायचा ती तारीख.

ती तारीख रविवारी आली. दुपार होती. विमलाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. खालच्या नळाला धार लागल्याचा आवाज आला आणि गॅलऱ्यांतून हाका सुरू झाल्या. मेघनाने फ्रिज उघडला, बाटली काढली आणि मोरीपाशी जाऊन झाकण फिरवलं.

"मेघना."

आवाज जिन्यातून आला. ओरडून नाही, हातात जाळं असलेला माणूस वर येता येता, दार उघडं ठेव म्हणायला हाक मारतो, तसा.

ती जागच्या जागी थांबली.

"मेघना."

दुसरी. जरा जवळून. 'ओ' तिच्या ओठांपर्यंत आली होती. तिने ती आत ओढून धरली आणि तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. मेलेलं माणूस स्वतः हाक मारतं तेव्हाही दोनदाच मारतं, असं तिने लहानपणी ऐकलं होतं. जिता असेल तर तिसरी येईल. कोर्टाचा कागद कपाटात आहे, तिने सही केली आहे, आईने शपथ घेतली आहे. पण जिता असेल तर तिसरी येईल.

खाली कोणाच्यातरी हंड्यात पाणी पडत राहिलं. हंडा भरला, आवाज बदलला, वाहू लागला. सोनलने कोणालातरी शिवी घातली. तिसरी हाक आली नाही.

बराच वेळ गेल्यावर मेघनाने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग झाकण पुन्हा घट्ट बसवलं. ड्रॉवरमधून पेन काढून लेबलावरची शेवटची तारीख खोडली, तिच्या जागी पुढच्या वर्षाची घातली आणि बाटली व्हिनेगरच्या मागे ठेवून दिली.

"कोण गो, मेघे?" आतून झोपेत विमलाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, आई," ती म्हणाली. "पाणी आलंय."